पेटीवाली नायिका कुणी लिहिली आहे का? (गाण्याबजावण्यातल्या प्रेमकथा)

काळी_चार (बेळगाव)

मागच्या महिन्यात शहापुरातलं आत्याचं घर रंगवायला काढलं, म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली आली. वर हातमागाचे दोन जुने धोटे, एक तडकलेला पाट, आणि त्याखाली खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या कादंबऱ्या. मोजल्या, सव्वीस निघाल्या. त्यातल्या अकरांत नायक गवई, सतारिया नाहीतर व्हायोलिनवाला. आत्याचं वय आज शहात्तर. विचारलं तर म्हणाली, "गोष्टींत काही दम नव्हता गं. मी मैफली तेवढ्या वाचायची, बाकी पानं उलटायची."

मी मात्र चार रात्रींत चार कादंबऱ्या संपवल्या. सगळ्यांचा साचा एकच. गरीब घरचा पोरगा, सोन्याचा गळा. वकिलांची मुलगी माडीवरून ऐकते. तिसऱ्या प्रकरणात पाऊस. तिचे वडील नाहीतर त्याचे गुरू आडवे येतात, तो परागंदा होतो, शेवटी नावारूपाला येऊन गावात परततो. पहिल्या रांगेत ती, आणि भैरवी. वाचताना हसू येत होतं आणि दिवा मात्र मालवला जात नव्हता. का बरं?

माझं उत्तर असं. आमच्याकडच्या घरांत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं वाक्य कुणी कुणाला उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. कुणी उच्चारलंच तर ते डब केलेल्या सिनेमासारखं वाटेल. मग लेखकाने करायचं काय? गाण्यातली माणसं घेतली की त्याची सुटका होते. बंदिशीत सगळं आधीच भरलेलं आहे. पिया परदेशात, सासू-नणंद जाग्या, पायातलं पैंजण नेमकं आता वाजतंय. मिशीवाला बाप्या 'तो अजून आला नाही' म्हणून तासभर आळवतो आणि समोरच्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. नायकाने फक्त गायचं, नायिकेने ऐकायचं. कबुली दिली गेली आणि तोंडून शब्दही गेला नाही.

दुसरं कारण हातांचं. ऑफिसातल्या प्रेमकथेत दोघं काय करतात? फायली हलवतात. गाण्यात काम दिसतं. तंबोरा लावणं, पलटे घोटणं, एकच जागा चाळीसदा चुकणं. एखाद्याला त्याचं काम येतंय हे पाहण्यात जो मोह आहे, तो मला तरी चांदण्यापेक्षा मोठा वाटतो.

आता तक्रार. अकरा कादंबऱ्या आणि साथीदार एकातही नायक नाही. पेटीवाला असतो तो पान खाणारा, पोट सुटलेला, नायकाचे निरोप पोचवणारा. आणि हे आम्ही वाचायचं बेळगावात बसून, पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या (१९१७–२०१०) गावात! आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. त्या काळात इथे घराघरात पोरं पेटी शिकत होती. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तिचे सूर पट्ट्यांत कापलेले. म्हणून चांगला पेटीवाला गवयाच्या अर्धा श्वास मागून चालतो, तो कुठे जाणार ते आधीच ओळखून तिथे अलगद पोचतो, आणि जिथे आपल्याला जमणार नाही तिथे हात उचलतो. मला सांगा, प्रेमाच्या गोष्टीला अजून काय लागतं?

आत्या पेटी शिकायची. १९७१-७२ च्या सुमाराचं. क्लासात धारवाडकडून एक मुलगा गाणं शिकायला यायचा. घरची भाषा कानडी, मराठी जेमतेम. पण गणपतीत नाट्यपदं गायची तर मराठीच. ट्रंकेत तळाशी एक घडी घातलेला कागद होता, तो याच पदांचा. अक्षरं कानडी, शब्द मराठी. मला कानडी वाचता येतं म्हणून उलगडलं, नाहीतर रद्दीत गेला असता. शाईने लिहिलंय त्याने, आणि पेन्सिलीने कुणीतरी काही 'च'खाली बारीक टिंब दिलेत. 'चंद्र'खाली नाही, 'चांदणं'खाली आहे. म्हणजे कुठला 'च' दातावर आणि कुठला टाळूवर, ते शिकवलेलं. टिंब कुणाचे ते विचारायची गरज नव्हती. आत्या आजही वाणसामानाच्या यादीत तसेच टोकदार टिंब देते.

तिने सांगितलेली गोष्ट इतकीच. तालमीच्या दिवशी त्याचा घसा बसलेला होता. तबलजी यायचा होता, तंबोरा अजून खोळीत. तो रोज काळी एकमध्ये गायचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा सा. आत्याचे हात काळी एकवरच होते. त्याने नुसता खाकरून हुंकार दिला, आणि तिने काही न बोलता पांढरी एकवर सा धरला. त्याने मान वर करून पाहिलं. मग गायला लागला.

बास. एवढंच. आत्या उठली आणि कुकर लावायला गेली.

तर विचारायचं असं की, अशी साथीदारांची प्रेमकथा कुणी वाचली आहे का? आणि गाण्यातल्या प्रेमकथा तुम्हाला का आवडतात, किंवा का आवडत नाहीत?


शहापूरकर

लई भारी लिवलासा की ओ. पण मधीच सोडलासा. पुढं काय झालं ते सांगा की. कुकर लावला ते कळलं.


वाचनालयाचा_कोपरा

+१. पुढचं हवंच.

'का आवडतात' याला एक जुनं उत्तर आहे. आपल्याकडे गाणं आणि प्रेमकथा कधी वेगळ्या नव्हत्याच. जयदेवाचं गीतगोविंद बाराव्या शतकातलं. बारा सर्ग, चोवीस अष्टपद्या, राधाकृष्णाचं रुसणं-मनवणं, आणि कुठली अष्टपदी कुठल्या रागात ते लिहून ठेवलेलं. नाट्यशास्त्राने नायिका मोजल्या त्या आठ, आणि त्यातल्या बहुतेक कुणाची तरी वाट बघताहेत, नाहीतर कुणावर तरी चिडलेल्या आहेत. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, कलहांतरिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. सुखात असलेली स्वाधीनभर्तृका एकटीच, आणि तिच्यावर फारशा ठुमऱ्या कुणी बांधत नाही! चित्रकारांनी तर रागमालेत राग-रागिण्यांचे संसारच मांडले.

आणि आपल्या भागाचं म्हणाल, तर मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. १८८० साली पुण्यात त्यांचं शाकुंतल रंगमंचावर आलं. विषय काय? प्रेम, विसर, अंगठी. म्हणजे गाऊन प्रेम करायची सवय महाराष्ट्राला लावणारा माणूस सौंदत्तीच्या पट्ट्यातला. तिकडे गोकाककडच्या कुलगोडचं कृष्णपारिजात घ्या, कानडीतलं लोकनाट्य. सवतीमत्सर, फूल, आणि रात्रभर पदं. पारिजात करणाऱ्या कौजलगी निंगम्मांचं नाव आमच्या आजीच्या पिढीत मराठी बायकाही घ्यायच्या. भाषा निम्मी कळायची, रुसलेली सत्यभामा पूर्ण कळायची.


ठेका

लेख आवडला. पण मी या जातीच्या कादंबऱ्या वाचू शकत नाही. बोटं शिवशिवतात, लाल पेन घ्यावंसं वाटतं.

एकीत नायक मारवा गाताना 'पंचमावर बराच वेळ स्थिरावला'. मारव्यात पंचम वर्ज्य आहे हो! तो स्थिरावला कुठे, शेजारच्या घरात? दुसरीत विलंबित एकतालाच्या प्रत्येक मात्रेला श्रोते टाळी देतात. तिसरीत तबलजी 'क्षणात तबला सुरात लावतो'. सोळा घरं असतात. प्रत्येक घर हातोडीने वरखाली करत फिरायचं, आणि एक जमलं की समोरचं उतरतं. त्या वेळात नायक-नायिकेचं भांडण होऊन मिटेल. लेखकाने तोच वेळ वापरायचा ना! दोघं समोरासमोर बसलीत, बोलायची सोय नाही, आणि तबला काही केल्या लागत नाही. यापेक्षा चांगला प्रसंग हवा कशाला?

आता तुमच्या गोष्टीबद्दल एक शंका, राग नसावा. काळी एकवरून पांढरी एक म्हणजे अर्धाच सूर. बसलेल्या घशाला अर्ध्या सुराने काय आराम मिळणार? पुढे माझा तबलजीभाऊ काळी एकचा तबला घेऊन आला असेल, त्याला सगळा परत उतरवावा लागला असेल. त्याची कुणी प्रेमकथा लिहीत नाही.


काळी_चार

@ठेका, 'शेजारच्या घरात' 😄 राग नाही. मी आत्याकडून ऐकलं तसं लिहिलं. सुरांचा हिशेब माझा कच्चा आहे, शाळेत गायचे तेव्हा सरांनी काळी चार सांगितली ती आजवर नावात घेऊन फिरतेय, तेवढंच.

@शहापूरकर, पुढचं मलाही माहीत नाही.


ठेका

काळी चार चांगली पट्टी आहे. आणि गंमत बघा, काळी एक ज्याचा सा, त्याचा पंचम काळी चार. म्हणजे पुरुष काळी एकमध्ये आणि बाई काळी चारमध्ये गात असेल, तर त्याच्या पंचमावर तिचा सा बसतो, आणि तिच्या मध्यमावर त्याचा. दोघांना एकाच पट्टीत गायला लावलं की एकाचा तरी गळा ताणतो. म्हणून स्त्री-पुरुषांची जुगलबंदी अवघड. पंडित जसराजांनी यातूनच वाट काढली, प्रत्येकाने आपापल्या पट्टीत, आपापला राग गायचा, मूर्च्छनेच्या, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलायच्या हिशेबाने दोन्हींचे सूर तेच येतात. त्याला जसरंगी म्हणतात. कादंबरीवाल्यांना हे कुणीतरी सांगा. मी सांगितलं तर म्हणतात तबलजीला काय कळतंय.


निपाणीची_सून

सगळे इतके हळवे झालात की मला वाईटपणा घ्यावा लागणार.

मी गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या. लग्नात तंबोरा सोबत आला, माझ्यासारखाच पाठवणी होऊन. पहिली दोन वर्षं तो कपाटावर होता, मग पाहुण्यांच्या खोलीत, आता जिन्याखाली. कुणी नको म्हटलं नाही. नुसतं रोज पहाटे दूध, डबे, आणि हंगामात गोदामातली तंबाखूची धूळ, सगळं घर खोकतंय. कुठल्या कादंबरीत नायिका लग्नानंतर गाते? माडीवरून ऐकणारी वकिलांची मुलगी शेवटच्या पानानंतर चहाचे कप विसळते. तो रियाझ करतो तेव्हा पोरं गप्प कोण बसवतं? हे लिहायला प्रकरण शिल्लक नसतं.

खरी गोष्ट सांगते, आपल्या शेजारच्या मिरजेची. अब्दुल करीम खाँ बडोद्याला दरबारात होते. तिथल्या सरदार मान्यांच्या मुलीला, ताराबाईंना, गाणं शिकवता शिकवता दोघं प्रेमात पडली आणि पळून आली. पहिला अर्धा भाग म्हणजे तुमच्या आत्याच्या ट्रंकेतली कुठलीही कादंबरी. दुसरा अर्धा असा की १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं वाचा. सुरेशबाबू माने. हिराबाई बडोदेकर. एकाने आईचं आडनाव लावलं, दुसरीने आईचं गाव. बापाचं नाव कुठे सापडतंय का बघा. गळा मात्र दोघांच्याही गळ्यात उतरला.

ही कादंबरी कुणी लिहिली तर मी आधी पैसे भरून ठेवते.


लोंढा_जंक्शन

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान (२२), म्हणून घाबरत लिहितेय. तुम्ही सगळे तंबोऱ्यातच अडकलाय की!

मी मोबाईलवर वाचते. रॉकस्टार नायक असतात, बँडमधला ड्रमर असतो, कोरियन गाणाऱ्यांवरच्या तर ढीगभर. साचा काळी_चार काकू म्हणताहेत तोच. तो हजारो लोकांसमोर गातो पण एकच ओळ तिच्यासाठी असते आणि ते तिला एकटीलाच कळतं. हेच पाहिजे असतं वाचणाऱ्याला. गर्दीत आपल्याला कुणीतरी नेमकं शोधलं, असं. बेळगावच्या बसस्टँडवर संध्याकाळी सहाला उभं राहून बघा, कुणी कुणाला शोधत नाही, सगळे खानापूरची गाडी शोधतात.

आणि निपाणीच्या काकू, आमच्या वयाच्या मुली लिहितात त्यात नायिका सोडून जाते हल्ली. पुष्कळदा तीच गाते आणि तो आवाजाची मशीन सांभाळतो. मी पण एक लिहितेय. झांजपथकातली. ती झांज वाजवते, तो ताशा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथामागे रात्रभर चालताना दोघांची ओळख होते. अडचण एवढीच की त्या आवाजात दोघांना एकमेकांचं काही ऐकूच येत नाही, तर संवाद लिहायचे कसे?


शहापूरकर

खुणेनं. आमी तसंच केलतं. आता दोन पोरं हायत.


वाचनालयाचा_कोपरा

@शहापूरकर 🙏

@निपाणीची_सून, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस गप्प होतो. आणखी एक नाव जोडतो, गोहरबाई कर्नाटकी. मूळच्या बिळगीच्या, तेव्हाचा विजापूर जिल्हा. १९३० च्या दशकाच्या शेवटी गंधर्व नाटक मंडळीत आल्या. ज्या कंपनीत बालगंधर्व स्वतः नायिका व्हायचे, तिथे ही बाई आली ती त्यांचीच गायकी गळ्यात घेऊन. पुढे दोघं बरोबर राहिली ती गोहरबाईंच्या मरणापर्यंत. आमच्या घरी बालगंधर्वांचा फोटो होता, आणि त्यांच्या पडत्या काळाचा विषय निघाला की सगळा दोष गोहरबाईंच्या पदरात. आजोबा तर नावही घेत नसत, 'ती' म्हणत. ती मुसलमान, ती कानडी, ती बाई. लुगडं नेसून उभ्या महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या पुरुषाचं आम्हाला कौतुक, आणि त्याच्या सुरावर जीव टाकणारी बाई आली की ती घर बुडवायला आली! गाण्यातली प्रेमकथा आपल्याला कादंबरीतच आवडते, गल्लीत आवडत नाही. माझ्या आजोबांना गोहरबाईंच्या ध्वनिमुद्रिका, कुणाच्या आहेत हे न सांगता, ऐकवायला हव्या होत्या.


सीमाभाग_१९५६

बेळगाव की बेळगावी, आधी ते ठरवा. धागाकर्तीने


काळी_चार

इथे नको. प्लीज. त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.


जवारी

माझं आजोळ मिरज, आता मुक्काम चिकोडी. तंबोऱ्याच्या गल्लीत सुट्ट्या गेल्या म्हणून थोडं लिहितो.

कादंबरीत तंबोऱ्याची तार फार तुटते. नायिकेचं लग्न ठरलं, तुटली तार. गुरू वारले, तुटली तार. प्रत्यक्षात इतक्या तारा तुटत नाहीत. प्रत्यक्षात बिघडते ती जवारी, आणि ती बिघडलेली बऱ्याच दिवसांनी लक्षात येते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा तारेच्या घासण्याने झिजतो, त्यावर चर पडतात, आणि आवाज हळूहळू मिटत जातो. तार शाबूत, सूर बरोबर, पण झंकार गेलेला. मग कारागीर कानस घेऊन बसतो. जरा घासतो, तार छेडतो, मान तिरपी करून ऐकतो, परत घासतो. घास थोडी जास्त झाली तर पुन्हा वरून खाली सगळं करायचं. आजोबांच्या शेजारी एक म्हातारे होते, ते जवारी काढताना कुणाशी बोलायचे नाहीत. बायकोने चहा आणून ठेवला की कप बघायचेही नाहीत. ती मात्र दारातूनच ऐकून सांगायची, "आता झाली." आणि झालेली असायची. ती गाणारी नव्हती, वाजवणारी नव्हती. चाळीस वर्षं दारात उभं राहून कान तयार झालेला.

शेवटी तार आणि घोडीच्या मधे दोरा सरकवतात, साध्या सुताचा. तो केसभर पुढे-मागे केला की एका जागी तंबोरा अचानक बोलायला लागतो. ती जागा डोळ्याला दिसत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या दारातल्या आजीची आठवण झाली.

@निपाणीची_सून, जिन्याखालचा तंबोरा उभा ठेवलाय की आडवा? पावसाळ्यात भोपळ्याला भिंतीची ओल लागू देऊ नका. तारा सैल करून ठेवा. मिरज तुमच्याहून काही फार लांब नाही.


निपाणीची_सून

आडवा. खोळीवर छत्र्या ठेवलेल्या आहेत. आत्ता जाऊन काढल्या.


सुळेभावीकडचा

साथीदाराची गोष्ट विचारलीत म्हणून सांगतो, ही आमच्याकडची. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, जन्म १९२४. घरात कानडी, नाव शिवपुत्र. देवधर मास्तरांकडे मुंबईला शिकले, तिथेच भानुमतीताई शिकत होत्या. १९४७ मध्ये लग्न, आणि लगोलग क्षय. हवापालट म्हणून देवासला गेले. डॉक्टरांनी गाण्याला बंदी केलेली. पाच-सहा वर्षं हा माणूस गायला नाही. भानुमतीताई शाळेत नोकरी करायच्या, घर चालवायच्या, आजारपण काढायच्या. ते खाटेवर पडून बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली गाणी ऐकत राहिले, आणि उठले तेव्हा त्यांचं गाणंच बदललेलं होतं. १९६१ मध्ये भानुमतीताई बाळंतपणात गेल्या.

लोक सांगतात ती गोष्ट नंतरच्या गाण्याची. मला अधलीमधली वर्षं वाचायची आहेत, जेव्हा घरात दोन गाणारी माणसं होती आणि गाणं नव्हतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्या स्वयंपाक करताना गुणगुणत असतील का? की मुद्दाम गप्प राहत असतील? काळी_चार, तुम्ही म्हणता ते हात उचलणं, ते इथे आहे.


निपाणीची_सून

सुळेभावीकर, छान लिहिलंत, पण बघा, पुन्हा तेच. तिचं गाणं कुठे गेलं हे तुम्हीही विचारलं नाही. ती गुणगुणत होती का, तेही त्याच्या आजाराच्या संदर्भात.


सुळेभावीकडचा

खरं आहे. हे लक्षात आलं नाही.


लोंढा_जंक्शन

काकू, तुम्हीच लिहा ना. शप्पथ, मी टाईप करून देते.


निपाणीची_सून

आधी तंबोरा. जवारी यांच्याकडून गल्लीचा पत्ता घेतलाय. रविवारी जाणार आहे, मुलाला सांगितलंय गाडी काढ म्हणून. तो म्हणाला, "आई, तू गायचीस?" एकोणीस वर्षांचा आहे. मला राग आला नाही, हसूच आलं. मग जरा वेळाने राग आला.


ठेका

रविवारी जाल तर नव्या तारा दोन संच घ्या. आणि तुमची पट्टी कुठली ती आधी ठरवून जा, ते पहिलं तेच विचारतील. इतक्या वर्षांनी खाली आलेली असेल, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांचीच येते.


काळी_चार

धागा कुठल्या कुठे गेला, पण गेला ते बरं झालं. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर बहुतेक 'नाही' असं आहे. पेटीवाली नायिका कुणी लिहिलेली नाही. लोंढा_जंक्शन, झांजपथक लिहून झालं की इथे टाक.

काल कुंदा घेऊन आत्याकडे गेले होते. रंग झालाय, फिकट पोपटी, तिला आवडलेला नाही. मोबाईलवर हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. गोहरबाईंच्या प्रतिसादाला तिने "हं" केलं. दारातल्या आजींपाशी मला परत वाचायला लावलं. शहापूरकरांच्या दोन पोरांवर पोट धरून हसली. मग मी भीत भीत विचारलं, लोक विचारताहेत, पुढे काय झालं म्हणून.

तिने चष्मा पुसला. म्हणाली, "ते तबलेवाले आहेत ना, त्यांचं बरोबर आहे. तू चुकीचं लिहिलंस. पांढरी एक नव्हे, पांढरी सात. त्या दिवशी तो पूर्ण एक सूर खाली आला होता. तेवढं नीट करून टाक."